खडपावर नाव घेत नाहीत

"म्याडम, चेडवाक दाव्यान बांदलंस? बकरी काय ती?"

स्वतःच्याच या प्रश्नावर रतन हसली, आणि मालू तर इतकी हसली की तिच्या हातातलं कालव निसटून डबक्यात पडलं. मी हसले नाही. लेकीच्या कमरेला बांधलेली निळी नायलॉनची दोरी मी आणखी एकदा ओढून पाहिली. दुसरं टोक माझ्या पट्ट्यात अडकवलं होतं. मध्ये बारा फूट.

"बांद हो, बाय," जैवंतीकाकी म्हणाल्या. "आवस ती, आई. बांदतली."

सकाळचे साडेसहा वाजले होते. पौषी अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते. वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी त्याच सुमाराला लागते. मागच्या डोंगराआड सूर्य अजून उगवायचा होता आणि आम्ही चार बायका, एक मूल, एरवी पुरुषभर पाण्याखाली असणाऱ्या खडकावर उभ्या होतो. तिकडे त्याला खडप म्हणतात. आडबंदरच्या वाळूच्या पुळणीपासून ते समुद्रात दीडदोनशे पावलं पसरलेलं आहे. काळं, शेवाळलेलं, भेगाळलेलं. पुळण आणि खडप यांच्यामध्ये एक घळ आहे. बायका जाताना त्या घळीत घोटाही बुडत नाही. पण भरती आधी त्या घळीत शिरते, मागून. पुढे बघत काम करणाऱ्याला ते कळत नाही.

त्या तिघी कालवं काढायला येत. मी यायची ते एका कोळंबीसाठी.

खाण्याची नव्हे. बोटाच्या पेराएवढी, फार तर दोन पेरांएवढी. तिची एक नांगी अंगाच्या मानानं राक्षसी असते. ती नांगी मिटली की पाण्यात बुडबुडा फुटतो आणि आवाज होतो, दगडावर दगड टिचकल्यासारखा. जैवंतीकाकी तिला टिचकी म्हणायच्या. कॉलेजच्या एका प्रकल्पात मला वर्षभराचं काम मिळालं होतं: या किनाऱ्यावर टिचकीच्या जाती किती, कुठली कुठे राहते, किती संख्येनं. पुळणीपासून समुद्राकडे मी खडपाचे चार पट्टे पाडले होते. वरच्या पट्ट्यात सुट्या दगडांखाली हिरवट, बारीक. दुसऱ्यात कालवांच्या फटीत. तिसऱ्यात मेलेल्या प्रवाळाच्या पोकळीत, बहुधा नर-मादी जोडीनं. अकरा महिन्यांत दहा जाती झाल्या होत्या. चौथा, सगळ्यात बाहेरचा पट्टा कधी उघडाच पडला नव्हता. त्या दिवशी तो पडणार होता, अर्धा तास.

"सुनेकडे ठेवलंस तिला तर?" काकींनी आदल्या दिवशी विचारलं होतं. (बोलताना त्या माझ्यासाठी कधी कधी शुद्ध बोलत.) "माझी सून घरातच आसा. चेडू खेळात."

"नको काकी. ती माझ्याशिवाय राहत नाही."

हे खोटं होतं. मीच तिला कुणाकडे ठेवत नसे. नवरा बोटीवर, आठ-आठ महिने बाहेर. कुणाकडे ठेवलं तर विहिरीला कठडा असेल का, दूध उतू गेलं तर, कुत्रं असेल तर, असं माझं चाले. माझ्या नजरेसमोर असली की मी सुखात. म्हणून मी तिला घरातून उचलून समुद्राच्या तळावर आणली होती.

खडपावर त्यांचा एक नियम होता. पहिल्याच दिवशी मी लांबून "रतनताईऽऽ" अशी हाक मारली, तेव्हा तिघी जिथल्या तिथे थिजल्या. जैवंतीकाकी ताडताड माझ्यापाशी आल्या.

"हय कोणाचा नाव घेव नको."

"का?"

"एकदा आयकला की तो इसरणा नाय."

तो म्हणजे कोण ते त्यांनी सांगितलं नाही. नुसती हनुवटी समुद्राकडे केली. कोरड्या पुळणीवर पाय लागला की नावं घ्यायची. इथे दगडावर कोयता दोनदा ठोकायचा. ऐकणारीनं उलट दोनदा ठोकायचं. आणि चुकून कुणाचं नाव घेतलंच, तर पुढच्या अमावास्येपर्यंत त्या माणसाला दुसऱ्या नावानं हाक मारायची, म्हणजे तो फसतो. रतनला त्या दिवसापासून पुढची अमावास्या येईपर्यंत सगळे बाबली म्हणत होते. तिच्या नवऱ्यानंसुद्धा म्हटलं म्हणे.

निघायची वेळ झाली की जैवंतीकाकी ठोकायच्या. मग एकेक जण उत्तर द्यायची आणि काकी बोटावर मोजायच्या. माझ्या लेकीला यात भारी गंमत वाटे. तिच्यासाठी मी एक गुळगुळीत गोटा शोधून दिला होता. मोजणीत तिचं उत्तर कायम शेवटी यायचं. सगळे आकडे जुळले की आम्ही घळ ओलांडायचो. काकी मात्र मागे राहायच्या. सगळ्या पुळणीवर पोचल्या, की त्या समुद्राकडे तोंड करून आणखी एकदा ठोकायच्या, दोनदा. बाहेरच्या कपारीतून टिचकीचा आवाज यायचा, टक टक. मग त्या टोपली उचलून यायच्या. मला वाटायचं, हा समुद्राला नमस्कार असेल. मी वहीत तशी नोंदही केली होती.

"काकी, मी आज बाहेरच्या टोकाला जाते," मी म्हटलं.

"घळीत घोट्याएवढा पाणी आसा तवसर परत ये."

"हो."

"आणि जोडी गावली तर दोघांका काढ. नायतर दोघांकाव रवांदे. एकाक काढून एकाक ठेव नको."

चौथ्या पट्ट्यावर पोचलो तेव्हा पावणेसात झाले होते. तिथला खडक वेगळाच होता. स्पंजांनी लालपिवळा झालेला. आणि आवाज! सगळीकडून तडतडत होतं, जोंधळ्याच्या लाह्या फुटाव्यात तसं. लेक म्हणाली, "आई, दगड हसतोय."

मी तिला एका सपाट, कोरड्या दगडावर बसवलं. स्वतः खाली वाकून पाइपची चौकट टाकली आणि तिच्या आतल्या टिचक्या मोजायला लागले. दोन. पाच. एक जोडी. दोरी सतत कालवांच्या धारेला अडकत होती. दोनदा सोडवली. तिसऱ्यांदा पाहिलं तर अर्धी कापली गेली होती. पलीकडे हातभर रुंदीच्या भेगेपल्याड एक खोल कपार होती. तिथून एक आवाज येत होता, बाकीच्यांपेक्षा जाड, दमदार. असा आवाज मी अकरा महिन्यांत ऐकला नव्हता. अकरावी जात.

मी दोरी सोडली, दोन्ही टोकांनी.

"पिल्लू, इथून हलायचं नाही. मी ही बघ, इथेच आहे. काही लागलं तर काय करायचं?"

"ठोकायचं."

"किती वेळा?"

तिनं दोन बोटं दाखवली.

मी भेग ओलांडली आणि कपारीपाशी पालथी पडले. डोकं आत, एक हात खांद्यापर्यंत आत. टॉर्चच्या उजेडात पट्ट्यापट्ट्यांची एक नांगी दिसली आणि मागे सरली. तेवढ्यात ठोकल्याचा आवाज आला. दोनदा. मी हातातली छोटी हातोडी दगडावर दोनदा मारली. आहे गं, इथेच आहे.

थोड्या वेळानं मी आपली म्हणून ठोकलं. लगेच उत्तर आलं, टक टक. बरं वाटलं. नांगी पुन्हा दिसली. मी चिमटा पुढे केला. पुन्हा ठोकलं, पुन्हा लगेच टक टक. किती शहाणी आहे माझी लेक, असं माझ्या मनात आल्याचं मला नीट आठवतं. मी ठोकत होते, उत्तर येत होतं. दहा मिनिटं, कदाचित पंधरा.

मग पोटाला गार लागलं. कपारीत पाणी चढलं होतं. मी मागे सरकून मान वर केली.

सपाट दगडावर कुणी नव्हतं. निळी दोरी तेवढी पडली होती आणि तिच्या टोकाखालून पाणी वाहत होतं.

मी हातोडी उचलली आणि ठोकलं. टक टक, लगेच उत्तर आलं. मी जिथून उठले होते त्या कपारीतून.

मी मोठ्यानं तिचं नाव घेतलं. एकदा नाही, तीनदा, चारदा. गळा फाटेपर्यंत. कोयत्यांचे आवाज बंद पडले. काकी त्या निसरड्या दगडांवरून कशा धावत आल्या ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी आल्याआल्या माझ्या तोंडावर हात दाबला. हाताला कालवांचा वास होता.

"गप. गप रव. नाव घेव नको. कधीपासना दिसणा नाय?"

"माहीत नाही... दहा मिनिटं... ती उत्तर देत होती काकी, मी ठोकत होते आणि ती..."

काकींनी त्या कपारीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा मी आधी कधीही तसा पाहिला नव्हता.

"रडा नको. सगळ्यांनी गप रवा!" त्या मागे वळून म्हणाल्या. रतन आणि मालू उभ्या जागी पुतळ्यासारख्या झाल्या. काकींनी कोयत्याची मूठ खडकावर दोनदा आपटली.

टक टक.

समुद्राच्या बाजूनं. स्वच्छ, ठसठशीत. पलीकडच्या कातळावरून, जिथे लाटा फुटायला लागल्या होत्या. मी तिकडे झेपावले. काकींनी माझी वेणी धरून मला मागे खेचलं.

"सोडा! ती तिकडे आहे! ऐकलं ना तुम्ही?"

"थांब."

"बुडेल ती, काकी!"

"आयक म्हणतंय ना!"

त्यांनी पुन्हा ठोकलं. टक टक, लगेच, त्याच जागेवरून. मी वेडीसारखी हिसके देत होते. माझ्या डोक्यातला शास्त्रज्ञ की कोण तो, तो कुठल्या कुठे गेला होता. मी वर्षभर ज्या आवाजाची वही भरत होते तोच मला माझ्या मुलीचा वाटत होता, आणि तो माझ्या मुलीचा नाही असं सांगणाऱ्या बाईला मी चावले. खरंच चावले, मनगटाला. तिनं वेणी सोडली नाही.

"ती नाय ती," काकी हळू म्हणाल्या. "ती टिचकी. आता पाटी आयक. पाटी."

आमच्या मागे, पुळणीच्या बाजूला, काही नव्हतं. नुसती तडतड. मी मनात आकडे मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच.

ठक.

बारीक. ऐकू आलं न आलं असं. आणि मग, विसरून आठवल्यासारखं, आणखी एक.

ठक.

"ता बघ," काकी म्हणाल्या आणि माझी वेणी सोडून धावल्या.

ती घळीत होती. घळीच्या काठाला खडक आत कोरला गेला आहे, तिथे ओटीसारखी जागा आहे. आडोशाला गेली होती. पाय दोन दगडांच्या बेचक्यात अडकला होता आणि पाणी छातीशी आलं होतं. ओरडून ओरडून आवाज बसला होता तिचा. लाटांच्या खळखळाटात तो आम्हाला पोचलाच नव्हता. हातात गोटा होता. तो हात तिनं उंच धरला होता. काकींनी पाण्यात डोकं घालून तिच्या सँडलचा पट्टा सोडला. पाय सुटला. सँडल तिथेच राहिली.

पुळणीवर आणून मी तिला फ्रॉक काढून माझ्या पिशवीतल्या कोरड्या शर्टात गुंडाळली. तिचे ओठ निळे झाले होते. दात वाजत होते. जरा धग आल्यावर ती म्हणाली, "मला शू आली होती. मी ठोकलं. तू पण ठोकलंस. मग मी गेले."

मी शर्टाची टोकं तिच्या पायांभोवती आणखी आवळली.

"हिचा नाव काय आता?" मालूनं रतनला हळूच विचारलं.

"धोंडी," रतन म्हणाली. "धोंडी बरा. तेका आवडणा नाय."

जैवंतीकाकी आमच्याबरोबर आल्या नव्हत्या. त्या घळीपलीकडेच उभ्या होत्या. पाणी आता मांडीशी आलं असतं. तरी त्या समुद्राकडे तोंड करून उभ्या. त्यांनी ठोकलं. दोनदा. बाहेरच्या कातळातून लगेच आवाज आला, टक टक. त्या क्षणभर तशाच राहिल्या. मग टोपली डोक्यावर घेऊन पाण्यातून आल्या आणि माझ्या शेजारी वाळूत बसल्या. त्यांच्या मनगटावर माझे दात उमटले होते.

"काकी, मला माफ..."

"ता र्‍हवांदे."

"तुम्हाला कसं कळलं?"

बराच वेळ त्या लुगड्याचं टोक पिळत राहिल्या. रतन-मालू टोपल्या उचलून पुढे गेल्या. मुद्दाम गेल्या असणार.

"टिचकी लगेच जवाब दिता," काकी म्हणाल्या. "तिका कसलो इचार आसा? दगड हललो, तिना नांगी मिटली. पोर आधी आयकता. मगे तेका वाटता, माका काय ठोकतत? मगे गोटो उचलता. पोराक उशीर लागता."

"हे सगळ्यांना माहीत आहे इथे?"

"नाय. माकाच." त्या घळीकडे बघत होत्या. "माजो धाकटो झील पाच वर्सांचो होतो. मी नाव घेवन हाको मारलंय, तुज्यासारख्याच. मगे ठोकलंय. भायरसून लगेच जवाब इलो. मी थंय धावलंय. परत ठोकलंय, परत लगेच इलो. आणखी भायर. मी कमरेएवढ्या पाण्यात गेलंय. पाटसून घळीतसून पण कायतरी येय होता, मंद, थांबून थांबून. माका वाटला, ती टिचकी."

लेक माझ्या मांडीवर झोपली होती. गोटा मुठीत तसाच.

"एकोणीस वर्सां झाली," त्या म्हणाल्या. "मी रोज ठोकतंय. रोज लगेच येता."

मला तो प्रश्न विचारायचा नव्हता. तोंडातून गेला. "आणि एखाद्या दिवशी उशिरा आला तर?"

"तर जातलंय."

त्यांनी सहज सांगितलं. बाजारला जायचं म्हणून सांगावं तसं.

"नाव काय त्याचं?"

त्यांनी आधी आपले पाय पाहिले, कोरड्या वाळूत आहेत ना. मग माझ्या कानाशी वाकून नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. माझ्या लेकीचंही लिहिलेलं नाही.

मी तिला पुढच्या अमावास्येपर्यंत धोंडी म्हणत होते. तिच्या बापानं जहाजावरून फोन केला तेव्हा मी सांगितलं, धोंडी म्हण. तो म्हणाला, तुझं डोकं फिरलंय का? मी म्हटलं, म्हण.

अहवालात दहा जाती आल्या. चौथ्या पट्ट्यासमोर मी लिहिलं होतं, "एक, पूर्ण पाहिली नाही, ऐकली." सरांनी ती ओळ खोडली. बरोबरच होतं. नमुना नाही तर नोंद नाही.

याला सात वर्षं झाली. मी पुन्हा खडपावर गेले नाही; शाळेत शिकवते, डोंगराच्या गावात, नदीसुद्धा लांब आहे. मागच्या माघात एका रविवारी दुपारी रतनचा फोन आला.

"म्याडम, जैवंतीकाकी गेली."

"कधी? आजारी होत्या?"

"नाय ओ. खडपार. शुक्रवारी. आमची मोजणी झालेली. आमी सगळी पुळणीर. काकी पाटी रवली, तिचा ता नेहमीचा. ठोकल्यान."

"आणि?"

"कायच नाय. आवाजच इलो नाय, म्याडम. कधी असा झाला नाय. काकी उबीच. घळीत पाणी भरता. आमी हाक कशी मारतलव? नाव कसा घेतलव? आमी दगडार दगड आपटीत रवलव, ये, ये म्हणान. तिना आमच्याकडे बघूक पण नाय."

"रतन, मग?"

"मगे बऱ्याच येळान एक इलो. भायरसून. आणि मगे..." तिचा आवाज चिरकला. "मगे आणखी एक. काकीन टोपली खाली ठेवल्यान. नीट ठेवल्यान, कालवां सांडणार नाय अशी. आणि चलत गेली."

मी फोन खाली ठेवला. घरात शांत होतं. लेकीच्या खोलीचं दार बंद होतं. अकरा वर्षांची आहे ती, दार बंद करून बसते हल्ली. ती आत आहे हे मला माहीत होतं. मघाशीच पाण्याची बाटली घेऊन गेली होती.

मी तिच्या दारावर दोनदा ठोकलं.

काही नाही. पंखा फिरत होता. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार.

आत खुर्ची सरकली. पुस्तक मिटल्याचा आवाज झाला. आणि मग दाराच्या आतल्या बाजूनं, आळसावल्यासारखं, ठक. थोडं थांबून, ठक.

"काय गं आई? काय झालं?"

मी दाराला पाठ लावून तिथेच जमिनीवर बसले. "काही नाही," म्हटलं. "काही नाही, पिल्लू. उशीर झाला ना उत्तर द्यायला, ते बरं केलंस."